चारही दिवे

गाडीचे दिवे तपासायला दोन माणसं लागतात. एक आत बसून बटण दाबणारा आणि एक बाहेर राहून ओरडणारा. हे शास्त्र मला माझ्या दाजींनी शिकवलं. म्हणजे बघा, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान माझं, उभी हयात हात काळे केले मी, आणि शिकवणार कोण, तर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर घालत निवृत्त झालेला माणूस! पण दाजींना कोण सांगणार? बहिणीच्या नवऱ्यापुढे माझ्यासारख्या फटकळ माणसालाही जीभ आवरावी लागते.

त्यांची एक जुनी गाडी होती, सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची. तिला ते 'बाईसाहेब' म्हणायचे. माझी थोरली बहीण अक्का म्हणायची, एका घरात दोन बाईसाहेब कशा नांदायच्या, एकीला तरी माहेरी पाठवा. माहेर म्हणजे माझं दुकान. बाईसाहेब दर दोन महिन्यांनी माहेरपणाला यायच्याच, कधी वायर जळाली म्हणून, कधी हॉर्न बसला म्हणून. अक्का स्वतः वर्षातून एकदा यायची, तीही माझ्या बायकोशी भांडण नसेल तर.

बाईसाहेबांचे दिवे पहिल्यापासून अधू. त्या काळचे ते पिवळट बल्ब, जाड काचेमागे बसलेले. इंडिकेटर चालू आहे का बंद, हे भर दिवसा कळायचं नाही. म्हणून दाजींनी एक पद्धत काढली होती. बाहेरच्याने दिव्यापाशी उकिडवं बसायचं, दोन्ही हातांची ओंजळ करून काचेवर धरायची म्हणजे ऊन अडतं, आणि त्या ओंजळीत डोळा घालायचा. आत लुकलुकताना दिसलं की ओरडायचं, "लागला!" मग दाजी आतून डॅशबोर्डवरचा छोटा दिवा बघून उत्तर द्यायचे, "इथंही!" की पुढचा दिवा. एकेका दिव्यापाशी हा सोहळा चालायचा.

ओंजळ धरायचं काम त्यांच्या मुलाचं. एकुलता एक. त्याला आम्ही सगळे मास्तर म्हणतो. शिकवत कुणालाच नाही, एका ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतो, पण बोबडं बोलायचा तेव्हापासून लोकांच्या चुका काढायची खोड. पाटीवर माझं नाव लिहिताना पेंटरने वेलांटी चुकवली होती ती यानेच, पहिलीत असताना, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर दाखवून दिली. बापलेकांचं एरवी बोलणं बेताचंच. एकाने पेपर वाचायचा, दुसऱ्याने मोबाइल बघायचा आणि मधे अक्काने दोघांशी आळीपाळीने बोलायचं. पण दिवे तपासायचे असले की दोघांना चेव यायचा. "लागला!" "इथंही!" गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायचं.

एका संध्याकाळी कुणी मोटरसायकलवाला बाईसाहेबांच्या मागून येऊन धडकता धडकता राहिला. दाजींना शिव्या घातल्या त्याने, दिवे लावून चालवा म्हणून. दिवे लागलेलेच होते बिचारे. दाजी घरी येऊन हसत सांगत होते, पण मास्तरने ते मनावर घेतलं. त्याने इंटरनेटवर शोधशोध करून एलईडी बल्बांचा अख्खा संच मागवला. मागचे लाल, ब्रेकचे, पुढचे पार्किंगचे, चारही इंडिकेटर आणि एलईडीला चालेल असा नवा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी टिकटिकती डबी. मला विचारलं नाही. मामाला सांगितलं तर तो वर्षभर नाक मुरडेल म्हणाला. खरंच आहे, मुरडलं असतं. मला त्या एलईडीचा तिटकारा. बल्ब कसला, नुसत्या चिकटवलेल्या टिकल्या.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला आणि दुपारपर्यंत त्याने सगळे बल्ब बदलले. ज्याला घरातला नळ दुरुस्त करता येत नाही त्याने हे केलं, याचं दाजींना केवढं कौतुक! संध्याकाळी मला फोन करून सांगितलं की पोराने हौसेने लावलेत, एकूणएक दिवा तपासलाय, आता बाईसाहेब आंधळ्यालाही दिसतील. मी म्हटलं, चला, म्हातारपणी मोतीबिंदू निघाला एकदाचा. दाजी फोनवर खोकला येईपर्यंत हसले. रविवारी दाखवायला आणतो म्हणाले.

रविवारच्या आधीच गेले.

घराच्या गल्लीत वळताना झालं. दिवेलागणीची वेळ. दाजी मोठ्या रस्त्याने येत होते, उजवीकडे आपल्या गल्लीत वळायचं म्हणून गाडी हळू केली, इंडिकेटर दिला. मागून भाजीचे रिकामे क्रेट घेऊन एक टेम्पो येत होता. टेम्पो उजव्या बाजूने पुढे जायला निघाला आणि त्याच क्षणी दाजी वळले. दार चेपून आत आलं. टेम्पो फार जोरात नव्हता असं सगळेच म्हणतात. पण बाईसाहेबांच्या दारात होतं काय, पत्रा आणि काच.

टेम्पोवाला पळून गेला नाही, एवढं मी त्याच्याबद्दल पहिल्या दिवसापासून मान्य केलं. त्यानेच दाजींना बाहेर काढलं, त्यानेच दवाखान्यात आणलं. आम्ही पोचलो तेव्हा कॉरिडॉरच्या भिंतीला पाठ लावून उभा होता, शर्टाची पुढची बाजू रक्ताने माखलेली. डॉक्टर येऊन सांगून गेले आणि मास्तरने जाऊन त्याची कॉलर धरली. तो माणूस हात जोडून एकच वाक्य म्हणत होता. "चारही दिवे लुकलुकत होते हो. मला वाटलं, गाडी बंद पडून उभी आहे. म्हणून बाजूने काढली."

आता ही गाडी आमच्या घरातली. तिच्यात चारही दिवे एकदम लावायचं बटणच नाही, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल. तिच्या जन्माच्या वेळी असलं बटण कुणाला सुचलंच नव्हतं. म्हणजे तो सरळसरळ खोटं बोलत होता. अक्का म्हणाली, माणूस मारला तो मारला, वर मेलेल्याच्या गाडीवर ढकलतोय. घरात येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर हे समजावून सांगायचा. त्या गाडीला तसं बटणच नाही, काका. तसं बटणच नाही, मावशी. लोक माना हलवायचे. मीही हलवली.

पण मला शंका आली होती ती दवाखान्यातच, 'चारही' हा शब्द ऐकल्याबरोबर.

त्याचं कारण सांगतो, अवघड नाही. आजच्या गाड्यांना डाव्या-उजव्या इंडिकेटरचे डॅशबोर्डवर दोन वेगळे बाण असतात. जुन्या गाड्यांना दोन्हींसाठी मिळून एकच छोटा दिवा. तो दिवा डाव्या आणि उजव्या बाजूच्या मधोमध जोडलेला असतो. उजवा इंडिकेटर लावला की छोट्या दिव्यातून जाणारा करंट डाव्या बाजूच्या बल्बांतून वाट काढतो. किरकोळ करंट तो. जुने बल्ब तेवढ्याने कोमटसुद्धा होत नाहीत, पेटणं दूरच. पण एलईडीला पेटायला किती लागतं? चिमूटभर. तेवढ्यावर ते लख्ख लुकलुकायला लागतात. लावायचा उजवा आणि लुकलुकणार चारही.

हे मला कळलं ते काही अकलेने नाही. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीला मीच एलईडी लावून दिले होते, आणि दुसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन ओरडला, की माझी गाडी वळताना चारही बाजूंना डोळे मारते, लोक मला हसतात. मग मी डोकं खाजवत शोधलं. तो माणूस परत आला म्हणून कळलं. तो हसण्यावारी सुटला, एवढाच काय तो फरक.

हे मी कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. मनाशी म्हणायचो, कशावरून? मास्तर हुशार आहे, त्याने कुठेतरी वाचून बरोबर जोडणी केली असेल. एखादा जुना बल्ब तसाच ठेवला असेल. आणि तपासलं होतं ना त्यांनी, एकूणएक दिवा. चारही लुकलुकताना दिसले असते तर मास्तरसारख्या चुका काढणाऱ्याच्या नजरेतून सुटलं असतं का? असं म्हणायचो आणि रात्री कूस बदलायचो.

इकडे मास्तर वाळत चालला होता. ऑफिसातून आला की बापाच्या खुर्चीसमोर बसून राहायचा. जेवायला वाढलं की दोन घास खाऊन ताट सारायचा. एकच गोष्ट त्याला ताठ बसवायची, ती म्हणजे टेम्पोवाला. त्याचं नाव निघालं की डोळ्यांत जीव यायचा, आवाज चढायचा, आणि बोलण्याच्या भरात तो अर्धी भाकरी जास्त खायचा. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, त्या मेल्याला शिक्षा झाली की माझं पोरगं माणसात येईल बघ. मला ते पटलं. राग हाच त्याचा आधार होता, आणि बुडत्याच्या हातातली काडी कोण काढून घेणार?

कोर्टातली तारीख जवळ आली तशी मास्तरला कल्पना सुचली. बाईसाहेब पोलिसांच्या आवारात पडून होत्या. तपासणीला आलेल्या साहेबाने ब्रेक बघितले, टायर बघितले, पण दिव्यांचं काही बघितलं नाही, कारण बॅटरी फुटलेली. मास्तर म्हणाला, आपण बॅटरी घेऊन जाऊ, मामा. इंडिकेटर लावून मोबाइलवर चित्रण करू. एकच बाजू लागते हे दाखवलं की त्याचा खोटेपणा उघडा. परवानगी मी काढलीय.

मी नाही नाही ती कारणं सांगितली. कंबर धरलीय म्हटलं. दुकानात माणूस नाही म्हटलं. चेपलेल्या गाडीला करंट दिला तर आग लागेल म्हटलं, जी शंका एका परीने खरीही होती. शेवटी अक्का पुढे झाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, तुझ्या दाजींसाठी आजवर मी तुझ्याकडे काही मागितलंय का? झालं. मी बॅटरी काढून ठेवली.

दुपारी गेलो. आवार म्हणजे चार भिंतींत कोंबलेल्या गाड्या, टायरांतून गवत उगवलेलं. रखवालदाराने डबा खाता खाताच बोट दाखवलं. बाईसाहेब कोपऱ्यात होत्या. उजवं दार आत गेलेलं, पुढचा उजवा दिवा काचेसकट नाहीसा, बाकीचे तीन शाबूत. सीटवर काय होतं ते मी सांगणार नाही. मास्तरने तिकडे पाहिलं नाही, तो सरळ मागे जाऊन उभा राहिला. नेहमीच्या जागी.

मी डावं दार ओढून आत शिरलो. लांबलचक एकच सीट असते त्या गाड्यांना, सरकत सरकत स्टीअरिंगपर्यंत हात पोचला. आणलेली बॅटरी जोडली. धूर नाही, जळका वास नाही. माझं वायरिंग, मीच केलेलं, इतकं होऊनही धड होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते तुटलेलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

मास्तर मागून म्हणाला, लाव मामा. मी म्हटलं, थांब जरा, जोडणी बघतो. आणि डॅशबोर्डखाली हात घातला.

खरं तेच सांगतो. मी तिथे काही बघत नव्हतो. त्या छोट्या दिव्याचा होल्डर मागून ओढला की निघतो, हे मला ठाऊक होतं. तो दिवा काढला की डावं आणि उजवं यांच्यामधली वाटच तुटते. मग उजवा लावला तर उजवाच लागणार. टेम्पोवाला खोटा ठरणार. शेंगदाण्याएवढा बल्ब, काढायला एक श्वासही लागला नाही. मी तो खिशात टाकला. टेम्पोवाल्याचं काय होईल, हा विचार आला नाही असं नाही. आला. त्या विचाराला म्हटलं, तू बाहेर बस, आत माझ्या बहिणीचं पोरगं आहे.

मग उजवा इंडिकेटर लावला. फ्लॅशर टिकटिकायला लागला. मागे मास्तर दिव्यापाशी उकिडवा बसला असणार, कारण आवाज खालून आला.

"लागला!"

आणि मग तो थांबला. मला कळेना का थांबला, आणि मग कळलं. तो उत्तराची वाट बघत होता. मी डॅशबोर्डवरच्या त्या काळ्या भोकाकडे बघितलं आणि म्हटलं, "इथंही!"

तो डावीकडे गेला. तिथला लागत नव्हता. लागणारच नव्हता. मास्तर उठून उभा राहिला आणि हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बघितलंस मामा, बघितलंस ना, म्हणत त्याने गाडीच्या डिकीवर थाप मारली, जशी दाजी मारायचे, आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मीही डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला होता. वाटलं, सुटलो. आज पोरगं पोटभर जेवेल.

त्याने मोबाइल काढला. आधी बाहेरून चित्रण केलं, मागून आणि पुढून. मग म्हणाला, आतलाही घेतो, म्हणजे कुणाला शंका नको. आणि डाव्या दारातून वाकून आत आला, मोबाइल पुढे धरून.

डॅशबोर्ड काळा होता. फ्लॅशर टिकटिकत होता आणि आत काहीच लागत नव्हतं.

"तू तर इथंही म्हणालास," मास्तर म्हणाला.

मी म्हटलं, गेला असेल आत्ता, जुना बल्ब आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण चुका काढणाराच तो. त्याची नजर माझ्या गुडघ्याकडे गेली. तिथे वायरीला रिकामा होल्डर लोंबकळत होता. घाईत मी तो परत आत खोचायचा विसरलो होतो. इतकी वर्षं धंदा केला, आणि लबाडी करायची एक वेळ आली तीही धड जमली नाही. त्याने विचारलं, बल्ब कुठाय? मला सांगता आलं असतं की कुणी चोरला असेल, आवारातून रोज काहीतरी चोरीला जातं. पण माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

त्याने तळहात पुढे केला. मी बल्ब दिला. त्याने तो होल्डरमध्ये बसवला, होल्डर डॅशबोर्डमध्ये खोचला. छोटा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मास्तरने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी म्हणालो, चल घरी जाऊ, बॅटरी उतरलीय. तो मागे गेला.

आतला आरसा वाकडा झाला होता, पण त्यात तो दिसत होता. या वेळी तो उकिडवा बसला नाही. मागे मागे सरकत पार भिंतीपर्यंत गेला आणि तिथून बघत राहिला. ऊन चांगलं होतं, तरी ते दिवे लख्ख दिसत असणार. त्या नव्या दिव्यांना ओंजळीची गरजच नव्हती. मग तो पुढे आला, उजव्या दिव्यापाशी बसला आणि दोन्ही हातांची ओंजळ काचेवर धरली. हळूच म्हणाला, लागला. उठून डाव्या दिव्यापाशी गेला, तशीच ओंजळ धरली. म्हणाला, लागला. मी उत्तर दिलं नाही. माझ्याच्याने देववलं नाही.

मग त्याने ओंजळ काढली.

"मामा, त्या दिवशी मी असंच बघितलं होतं. एकेक."

मी खाली उतरून त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. काय काय बोललो मला धड आठवत नाही. हे माझ्या हातूनही झालं होतं म्हणालो. हे कुणालाच कळलं नसतं म्हणालो. तू त्यांच्या काळजीपोटीच केलंस म्हणालो, आणि ते खरंच होतं, पण खऱ्याचाही उपयोग होत नाही अशी वेळ असते. शेवटी मी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हटलं, तो छोटा दिवा मी पुन्हा काढतो, ते चित्रण आहेच, कोर्टात तेवढं दाखव आणि आईला काही सांगू नकोस. तो म्हणाला, त्या माणसाची मी कॉलर धरली होती. एवढंच म्हणाला, आणि मोबाइलमधलं चित्रण माझ्यासमोर पुसून टाकलं.

घरी अक्का दारातच उभी होती. तोंड धुऊन, केस विंचरून, जणू कुणी पाहुणे यायचे होते. मला विचारलं, दिवे लागले ना? खोटा ठरला ना तो? मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकलो. मास्तरने तिला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. बल्बांचं, छोट्या दिव्याचं, तो टेम्पोवाला खरं बोलत होता हे. एकही गोष्ट लपवली नाही, फक्त मी खिशात घातलेला बल्ब तेवढा गाळला. मला झाकलं त्याने, अशा वेळीही.

अक्का ऐकत राहिली. तिला वायरिंगमधलं काही कळलं नसणार. पण जे कळायचं ते कळलं. ती ओरडली नाही, रडली नाही. अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ घातलंस का विचारावं तसं तिने विचारलं,

"जरा मागे सरकून बघितलं नाहीस?"

मास्तर म्हणाला, "बाबांनी शिकवलं तसंच बघितलं, आई."

अक्का उठून आत गेली. मला वाटतं, तिला ते विचारायचंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, तुझा दोष नाही म्हणाली, माझ्यासमोर म्हणाली. पण आधीचं वाक्य आधी निघालं होतं, आणि ते ज्याने ऐकायचं त्याने ऐकलं होतं.

मास्तरने जाऊन पोलिसांना खरं काय ते सांगितलं. टेम्पोवाला सुटला. तो एकदा घरी आला होता, बायकोला घेऊन, आभार मानायला. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय म्हणाला. मास्तर आतल्या खोलीत होता. मी त्याला बोलवायला गेलो तर तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. नाही म्हणून मान हलवली. मीच बाहेर येऊन त्या नवरा-बायकोला निरोप दिला. आता त्याला रागवायलाही कुणी उरलेलं नाही. पूर्वी अर्धी भाकरी जास्त जायची, तीही गेली.

परवा अक्काचा फोन आला. स्वयंपाकघरातला बल्ब गेलाय, येतोस का? मी विचारलं, मास्तर घरी नाही का? ती म्हणाली, आहे की. मग म्हणाली, राहू दे, तूच ये. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर मी भांडलो असतो. चहाची वेळ सोडून, दुकान तसंच टाकून, मी अर्धं शहर ओलांडून एक बल्ब बदलायला गेलो.

मास्तर बाहेरच्या खोलीत बसला होता, स्वयंपाकघरातल्या स्टुलापासून दहा पावलांवर. मला बघून उठला, कशाला आलो ते माझ्या हातातल्या खोक्यावरून त्याला कळलं, आणि तो पुन्हा खाली बसला. मी स्टुलावर चढलो. अक्काने स्टूल धरलं. जुना बल्ब काढला, नवा फिरवून बसवला, तिला म्हटलं, दाब बटण. तिने दाबलं. लख्ख उजेड पडला, ओट्यावर, भांड्यांवर, दारातून पार बाहेरच्या खोलीत मास्तरच्या पायांपर्यंत.

मी सवयीने थांबलो. कुणीतरी काहीतरी म्हणायचं असतं अशा वेळी. अक्का स्टूल धरून उभी होती, बाहेरून काही आवाज आला नाही. मग मीच म्हणालो, लागला. अक्का हो म्हणाली आणि मला उतरायला हात दिला.